उस्ताद नसलेला शागिर्द
सॉफ्टवेअरच्या पेशात एकट्याने वाढायचे कसे?

आपल्या कोणत्याही हुन्नरात माणूस एकट्याने शिकत नाही. शिंप्याचा शागिर्द आधी काजे-बटणे करतो, मग तुरपाई, मग मशीन. आणि कात्री हातात मिळायला त्याला काही वर्षे जातात. रंगारी असो, विणकर असो, सुतार असो की गॅरेजमधला मिस्त्री असो, उस्ताद आणि शागिर्द ही जोडी सगळीकडे ठरलेली आहे. उस्ताद रागावतो, कधी कानही पिळतो; पण कापड वाया जाण्याच्या आधी तो शागिर्दाचा हात धरतो. धंद्याची अर्धी पुंजी या हात धरण्यात असते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरातली मुले एका नव्या हुन्नरात शिरली आहेत. वालूर, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी या आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गावांतून मुले-मुली बी.सी.ए., बी.एस्सी. संगणकशास्त्र, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करतात आणि सॉफ्टवेअरचे काम शोधतात. त्यांतली थोडी मोठ्या कंपन्यांत लागतात. तिथे शिकवणारे वरिष्ठ असतात, केलेले काम तपासण्याची पद्धत असते. बाकीच्यांना नोकरी मिळते ती लहान ठिकाणी. कुठे एखादे हॉस्पिटल, कुठे शिक्षण संस्था, कुठे आडत, कुठे चार माणसांची वेबसाइट करून देणारी कंपनी. तिथे हा एकटा मुलगा म्हणजेच संपूर्ण संगणक विभाग. प्रोग्रॅम त्यानेच लिहायचा, प्रिंटरही त्यानेच दुरुस्त करायचा आणि मालकाच्या मोबाइलचे ॲपही त्यानेच चालू करून द्यायचे.

पहिले सहा महिने त्याला मोठा अभिमान वाटतो. दोन वर्षांनी ध्यानात येते की आपण जिथे होतो तिथेच आहोत. आपण लिहिलेले चांगले की वाईट, हे सांगणारे कोणी नाही. मग पुण्याला मुलाखतीला गेला की समोरचा विचारतो, हे असेच का लिहिले? याच्याजवळ उत्तर नसते. वर्षे पाच भरलेली असतात, पण शिक्षण पहिल्या वर्षाचेच असते. ज्या बापाने दुकानातला माल कमी करून किंवा शेताचा तुकडा विकून फी भरली, त्याला हे कोडे उलगडत नाही. मुलगा मेहनती आहे, व्यसन नाही, नमाजी आहे, मग अडले कुठे?

आमच्या मते अडते ते उस्तादापाशी. म्हणून या लेखात आम्ही एवढाच प्रश्न घेतला आहे की नोकरीच्या ठिकाणी उस्ताद नसेल तर सॉफ्टवेअरवाल्या मुलाने काय करावे, आणि त्याच्या मालकाने काय करावे. आम्ही कापडाच्या धंद्यातले. पण कापड आणि संगणक यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही. फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास जो माग तयार केला, त्यात नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर लिहिलेली असे. भोक असेल तिथे ताणा वर, नसेल तिथे खाली. हीच कल्पना पुढे हॉलरिथच्या यंत्रात आली आणि १८९० ची अमेरिकेची जनगणना अशाच भोकाच्या पत्त्यांवर मोजली गेली. पहिल्या संगणकांनाही बरीच वर्षे असेच पत्ते भरवत. ज्याने जॅकार्डचे पत्ते पाहिले आहेत त्याला प्रोग्रॅम म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

उस्ताद नेमके काय करतो?

आधी हे पाहिले पाहिजे. उस्ताद म्हणजे केवळ माहिती देणारा नव्हे. माहिती आज कुठेही मिळते. उस्ताद चार कामे करतो.

एक, चांगले काम कसे दिसते ते तो डोळ्यांना दाखवतो. दोन, आपली चूक गिऱ्हाइकाच्या आधी त्याच्या नजरेला पडते. तीन, पुढचे थोडे अवघड काम कोणते द्यायचे ते तो ठरवतो. फार सोपेही नाही आणि हात मोडेल इतके जडही नाही. चार, तो काय करू नये हे सांगतो, म्हणजे आधीच्या लोकांनी खाल्लेल्या ठोकरा शागिर्दाला पुन्हा खाव्या लागत नाहीत.

एक माणूस ही चारही कामे करतो म्हणून आपण त्याला उस्ताद म्हणतो. तो माणूस नसेल तर ही चार कामे चार ठिकाणांहून करून घ्यावी लागतात. सगळी वाट एवढीच आहे. ती कशी चालावी हे सांगण्याआधी ज्यांनी ती चालून दाखवली त्यांची हकीकत सांगतो.

पुण्याच्या मंगळवार पेठेतले दुकान

कैलास काटकर हे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात त्यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी संगणकशास्त्र शिकायला लावले. संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात शिकत होते आणि भावाच्या दुकानात बसत होते.

त्या काळी संगणकात व्हायरस शिरत तो फ्लॉपीतून. एका ऑफिसातली फ्लॉपी दुसऱ्या ऑफिसात गेली की रोग पसरला. अशा वेळी दुरुस्तीवाल्याजवळ साधा उपाय असे, सगळी डिस्क पुसून नव्याने भरायची. पण त्यात गिऱ्हाइकाचा हिशेब, पत्रे, याद्या सगळे जाई. संजय यांनी निराळा विचार केला. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांतला व्हायरस नेमका कुठे बसला आहे, तो फाइलीत काय बदल करतो, तो बदल उलटा कसा करायचा, हे शोधून त्यांनी सफाईचे लहान प्रोग्रॅम लिहिले. पुढे ते एकत्र करून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' या नावाने अँटिव्हायरस बाजारात आला. २००७ मध्ये कंपनीचे नावही क्विक हील झाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे शेअर मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत नोंदले गेले.

यात आपल्या मुलांनी काय पाहावे? कंपनी किती मोठी झाली हे नव्हे. पाहायचे ते असे की त्या दुकानात व्हायरसचा उस्ताद कोणी नव्हता. कॉलेजने पाया दिला, पण हे काम शिकवणारा वरिष्ठ शेजारच्या खुर्चीत नव्हता. शिकवले ते दुरुस्तीला आलेल्या यंत्रांनी. दर यंत्र म्हणजे एक नवा सबक, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे लगेच कळत होते, कारण गिऱ्हाईक समोर उभे होते. दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्याला रोज नवे अवघड काम समोरून चालत येते. आपल्यातल्या कितीतरी मुलांची मोबाइल आणि संगणक दुरुस्तीची दुकाने आहेत. त्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी.

दुसरी हकीकत आपल्या गल्ल्यावरच बसलेली आहे. 'टॅली' आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात आहे. बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. हिशेबासाठी मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला सांगितले. १९८६ मध्ये कंपनी उभी राहिली. २०२० मध्ये भरत गोयंका यांना पद्मश्री मिळाली. इथे प्रोग्रॅमरचा तपासनीस कोण होता? बापच. त्याला प्रोग्रॅमिंग येत नव्हते, पण खतावणी येत होती. चुकलेला आकडा त्याच्या नजरेतून सुटणार नव्हता.

तिसरी हकीकत मुंबईची. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा धंदा. त्या धंद्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर करता करता ते स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकले, आणि त्यातून 'ईआरपीनेक्स्ट' हे व्यापार-कारखान्याचे सॉफ्टवेअर तयार झाले. त्याचा सगळा मजकूर, म्हणजे आतला कोड, उघडा ठेवलेला आहे. कोणीही तो वाचू शकतो, वापरू शकतो.

तिन्ही हकीकतींत एक गोष्ट समान आहे. ऑफिसात उस्ताद नव्हता, पण खरे काम आणि खरे गिऱ्हाईक होते. जो मुलगा म्हणतो की आमच्या आडतीत शिकण्यासारखे काय आहे, त्याने हे ध्यानात घ्यावे. पुण्याच्या मोठ्या कंपनीतल्या नवख्याला वर्षभर गिऱ्हाइकाचे तोंडही दिसत नाही. आडतीतल्या मुलापुढे ते रोज उभे असते.

पहिले काम : चांगला माल पाहणे

आमच्या वालूरला जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्राकार फिरत खाली उतरतात, आणि अलीकडे गावकऱ्यांनी ती साफसूफ केल्यापासून दूरदूरचे लोक पाहायला येतात. ज्यांनी ती बांधली त्या कारीगरांचे नावही आज कोणाला ठाऊक नाही, नकाशाही हाती नाही. पण जाणता गवंडी पायरी-पायरी उतरत गेला तर दगड कुठे कसा बसवला, भार कुठे घेतला, पाणी कुठून आत घेतले, हे त्याला वाचता येते. उस्ताद हयात नाही, पण त्याचे काम वाचता येते.

सॉफ्टवेअरमध्ये ही सोय फार मोठी आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले तेव्हापासून उत्तम कारीगरांचे लाखो ओळींचे काम उघडे पडले आहे. दुसऱ्या कोणत्याही हुन्नरात अव्वल उस्ताद आपली वही अशी उघडी टाकत नाही. आपली मुले मात्र ती उघडत नाहीत, व्हिडिओ पाहतात. व्हिडिओने तोंडओळख होते, हात बसत नाही.

वाचण्याची रीत अशी ठेवावी. आपण जे काम करतो त्याच जातीचा एखादा उघडा प्रकल्प घ्यावा. बिलाचे सॉफ्टवेअर करणाऱ्याने ईआरपीनेक्स्टमध्ये एक बिल कसे तयार होते तेवढेच पाहावे. सगळे वाचायला जाऊ नये, नाहीतर आठ दिवसांत दम संपेल. एका बिलाचा धागा धरावा, बटण दाबल्यापासून नोंद साठवली जाईपर्यंत. मग तो भाग न पाहता स्वतः लिहावा आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक काढावा. त्यांनी एक पाऊल जास्त टाकले असेल तर ते का टाकले, हा प्रश्न सोडू नये. बहुतेक वेळा त्या एका जास्तीच्या ओळीमागे कोणाची तरी जुनी ठोकर असते.

दुसरे काम : चूक गिऱ्हाइकाच्या आधी पकडणे

हे सर्वांत अवघड, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. ठाण विणणाऱ्याला दोष दिसत नाही, तपासणाऱ्याला दिसतो. म्हणून विणणे आणि तपासणे यांत अंतर ठेवावे. आज लिहिलेले चार दिवसांनी, परक्याचे काम आहे असे समजून वाचावे. आणि तपासणीचे प्रोग्रॅम लिहावेत. म्हणजे आपला प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे दर वेळी आपोआप पाहणारा दुसरा लहान प्रोग्रॅम. एकट्या माणसाजवळ दुसरी नजर नसते. ही तपासणी त्याची दुसरी नजर होय.

आपल्याच धंद्यातली दोन उदाहरणे देतो, म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल.

सव्वादोन मीटर कापड ८९ रुपये ९० पैसे दराने घेतले तर किंमत होते २०२ रुपये साडेसत्तावीस पैसे. त्या अर्ध्या पैशाचे काय करायचे? प्रत्येक ओळीवर पूर्णांक करायचा की शेवटच्या बेरजेवर? दोन्हींचे उत्तर वेगळे येऊ शकते. शिवाय संगणक अपूर्णांक आपल्यासारखे दहाच्या हिशेबात ठेवत नाही, दोनच्या हिशेबात ठेवतो. म्हणून बहुतेक संगणकी भाषांत ०.१ आणि ०.२ यांची साधी बेरीज अचूक ०.३ येत नाही. ३ च्या पुढे पंधरा शून्ये आणि मग एक ४ येतो. एका बिलात हे दिसत नाही, वर्षाच्या ताळेबंदात दिसते. जाणता उस्ताद पहिल्याच दिवशी सांगतो की रक्कम पैशांच्या पूर्ण संख्येत ठेव, किंवा पैशांसाठी असलेला खास दशांश प्रकार वापर, आणि पूर्णांकाचा नियम एकदाच ठरवून एकाच ठिकाणी लिही. एकट्या मुलाला हे ताळा जमत नाही तेव्हा कळते.

दुसरे उदाहरण कराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे जीएसटीचे दर बदलले. आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के होते. ते २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाले. ज्याने प्रोग्रॅमच्या पोटात जागोजाग १००० आणि १२ हे आकडे लिहून ठेवले होते, त्याला एकेक ओळ शोधत बसावे लागणार. आणि सगळे बदलून टाकले तर आणखी घोटाळा, कारण ऑगस्टचे बिल पुन्हा छापले तर ते जुन्याच दराने यायला हवे. बरोबर पद्धत अशी की दर आणि मर्यादा वेगळ्या तक्त्यात ठेवायच्या, प्रत्येकापुढे कोणत्या तारखेपासून लागू हे लिहायचे, आणि बिलाने आपली तारीख पाहून दर उचलायचा. सरकार पुढे पुन्हा दर बदलेल तेव्हा तक्त्यात एक ओळ वाढेल, प्रोग्रॅमला हात लावावा लागणार नाही.

याबरोबर दोन सवयी लावाव्यात. पहिली, केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन वापरावे. टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये तयार केलेले 'गिट' हे फुकट मिळते. काय बदलले, कधी बदलले, का बदलले, सगळे त्यात राहते आणि बिघडले तर मागच्या पायरीवर परत जाता येते. दुसरी सवय आपल्या बापजाद्यांची, रोजनामचा. रोज संध्याकाळी चार ओळी लिहाव्यात. आज काय अडले, किती वेळ गेला, कारण काय निघाले, पुढे ते कसे टाळायचे. सहा महिन्यांनी ही वही चाळली की आपण कोणती चूक वारंवार करतो ते उघड होते. उस्ताद कानात जे सांगतो तेच ही वही सांगू लागते.

तिसरे काम : पुढची पायरी ठरवणे

नोकरीतले काम एकाच जातीचे असते. तोच फॉर्म, तोच रिपोर्ट. पुढची पायरी कोणी दाखवत नसेल तर ती आपणच बांधावी. आमचा सल्ला असा की दर तीन महिन्यांना एकच विषय धरावा. एक तिमाही डेटाबेस, म्हणजे माहिती कशी मांडली की शोध लवकर लागतो. दुसरी तिमाही नेटवर्क, म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर आत काय घडते. तिसरी सुरक्षा, म्हणजे पासवर्ड कसे साठवतात आणि चोर कुठून शिरतो. चौथी गणिती रीती, ज्यांना अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द कुठून आला हेही मुलांना सांगावे. नवव्या शतकात बगदादच्या बैतुल हिकमामध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावाचे लॅटिन रूप म्हणजे हा शब्द. त्यांनी बीजगणित मांडले ते वारसा हक्काची वाटणी, व्यापार आणि जमिनीची मोजणी यांसारख्या रोजच्या व्यवहारांसाठी. आपल्या पूर्वजांचे नाव घेऊन छाती फुगवण्यापेक्षा व्यवहारातला प्रश्न घेऊन बसण्याची त्यांची रीत उचलावी.

शिकायला पैसा फार लागत नाही. आय.आय.टी. आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटीईएल'वर विनामूल्य आहेत. मुंबई आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे बरेच धडे मराठीतही आहेत. तेव्हा हप्त्यावर आणि व्याजावर लाखाची फी घेऊन नोकरीची हमी देणाऱ्या क्लासांच्या दारात जाण्याआधी मुलाने यातला एक अभ्यासक्रम शेवटपर्यंत पुरा करून दाखवावा. जो फुकटचा पुरा करत नाही तो विकतचाही करत नाही.

इथे इंग्रजीचा प्रश्न येतो. उर्दू माध्यमातून शिकलेल्याला इंग्रजीची धास्ती असते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. आमची स्वतःची तालीम उर्दूतच झाली. पण सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांची इंग्रजी ही कादंबरीची इंग्रजी नव्हे. तिची वाक्ये आखूड, शब्द ठरलेले आणि तेच ते. रोज पाच शब्द वहीत उतरवून अर्थ उर्दूत किंवा मराठीत लिहिला तर वर्षभरात अठराशेच्या वर शब्द होतात. एवढ्यात ही पुस्तके उलगडू लागतात. भाषांतरावर कायमचे अवलंबून राहणारा मात्र कायम दोन पावले मागे राहतो.

चौथे काम : विचारायचे कोणाला?

एकट्या मुलाची सर्वांत मोठी अडचण विचारण्याची. पण पुष्कळदा प्रश्न नीट मांडला की अर्धे उत्तर तिथेच मिळते. मदरशात हिफ्ज करणारा मुलगा आपला सबक दुसऱ्याला ऐकवतो. ऐकणारा काही बोलला नाही तरी अडखळण्याची जागा कळते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकात हीच युक्ती रबरी बदकाच्या नावाने दिली आहे. टेबलावर बदक ठेवावे आणि आपला प्रोग्रॅम ओळ-ओळ त्याला समजावून सांगावा. बदक नसेल तर धाकटा भाऊ चालेल.

माणसाला विचारायचे झाले तर चार गोष्टी सांगाव्यात : मला काय हवे होते, मी काय केले, काय झाले, आणि मी आजवर काय करून पाहिले. 'भाई, चालत नाही, बघा ना' असा निरोप पाठवणाऱ्याला कामाचा माणूस उत्तर देत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि मुलांना वाटले की घरबसल्या उस्ताद मिळाला. हा उस्ताद थकत नाही, रागावत नाही, मध्यरात्रीही उत्तर देतो. पण ठाऊक नसलेली गोष्टही तो पुष्कळदा तितक्याच ठामपणे सांगतो, आणि चुकले तर गिऱ्हाइकापुढे उभा राहत नाही. त्याच्याकडून तयार काम उतरवून घेणारा मुलगा नकलनवीस होतो, कारीगर होत नाही. आधी स्वतः लिहावे, मग त्याला दाखवून विचारावे की यात काय चुकू शकते. त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट चालवून पाहावी. आणि गिऱ्हाइकाची नावे, खाती, नंबर त्याच्यात टाकू नयेत. ती अमानत आहे.

या सगळ्यांपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे बरोबरीच्या चार जणांची बैठक. १९७६ मध्ये आयबीएम कंपनीतल्या मायकेल फॅगन यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. प्रोग्रॅम चालवण्याआधी चार माणसांनी बसून तो ओळीओळीने तपासायचा. आजही मोठ्या कंपन्यांत एकाचे काम दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. हे सेलूत किंवा परभणीत का होऊ नये? वेगवेगळ्या ठिकाणी एकेकटे काम करणारी चार-पाच मुले महिन्यातून एका रविवारी बसली, प्रत्येकाने आपला शंभर ओळींचा नमुना आणला आणि इतरांनी तो वाचला, तर चार अर्धे शागिर्द मिळून एक उस्ताद तयार होतो. फक्त मालकाचे गुपित त्यात येऊ देऊ नये. ज्या मुलींना बाहेरगावी जाणे शक्य नसते आणि ज्या घरूनच काम करतात, त्यांनी आपली बैठक फोनवर भरवावी. त्यांची अडचण मुलांपेक्षा मोठी आहे, म्हणून त्यांना याची गरजही जास्त आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे उघड्या प्रकल्पात आपले काम पाठवणे. सुरुवात लहान असावी. माहितीपुस्तिकेतली एखादी चूक, मराठी किंवा उर्दू भाषांतरातला एखादा शब्द. तिथले जाणते लोक ते तपासतात, चुकले तर परत पाठवतात, कारण सांगतात. एकही पैसा न घेता काम तपासणारा असा उस्ताद दुसऱ्या पेशात मिळत नाही. परत आले म्हणून लाजू नये. शिंप्याकडेही पहिला सदरा उसवावाच लागतो.

मालक बंधूंसाठी दोन शब्द

हा लेख वाचणारे बहुतेक जण शागिर्द नव्हे, शेठ आहेत. आपल्या पदरी असा मुलगा असेल तर आपण त्याचे उस्ताद होऊ शकत नाही, हे खरे. पण टॅलीच्या हकीकतीतला बाप होऊ शकतो. आपल्या धंद्याची खाचखोच त्याला समजावून सांगावी, आकडा चुकला तर दाखवावा, आणि काय हवे ते तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावे.

आठवड्यातले तीन-चार तास त्याला शिकण्यासाठी नेमून द्यावेत आणि त्या वेळात झेरॉक्सला पाठवू नये. चांगला इंटरनेट आणि वर्षाकाठी दोन पुस्तकांचा खर्च करावा. हिशेबाच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सोय त्याला करून द्यावी. ती न केल्याचे नुकसान त्याचे नव्हे, आपले होते. आणि एक सूचना विशेष : जसे आपण वर्षाचे हिशेब सी.ए.कडे नेतो, तसे बाहेरच्या एखाद्या अनुभवी प्रोग्रॅमरला फी देऊन महिन्यातून दोन तास या मुलाचे काम पाहायला बोलवावे. फोनवरही चालते. मुलाला उस्ताद मिळतो आणि आपल्याला आपले सॉफ्टवेअर कितपत भरवशाचे आहे ते कळते.

मुलगा शिकून निघून जाईल, ही भीती असते. जाईलही. पण न शिकलेला मुलगा दहा वर्षे राहिला तर ते नुकसान मोठे आहे. कागदपत्रे अडकवून किंवा पगार रोखून माणूस राहत नाही, आणि राहिला तरी त्यात बरकत नाही.

नोकरी कधी सोडावी?

शेवटी मुलांना एवढेच सांगणे. दर सहा महिन्यांनी रोजनामचा उघडून तीन प्रश्न विचारावेत. मागच्या सहा महिन्यांत मी असे काय केले जे त्याआधी येत नव्हते? माझे काम माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी वाचले का? आज मी जुना प्रोग्रॅम पुन्हा लिहिला तर वेगळा लिहीन का? तिन्हींचे उत्तर सलग दोनदा 'नाही' आले, आणि वर सांगितलेले उपाय खरोखर करून पाहिलेले असले, तर जागा बदलावी. पगार थोडा कमी मिळाला तरी जिथे जाणते लोक आहेत तिथे जावे. पण उपाय न करताच मालकाला आणि नशिबाला बोल लावू नये.

आपल्या दीनची पहिली वही उतरली तीच वाचण्याच्या आज्ञेने. सॉफ्टवेअरचा हुन्नर मूळचा वाचण्याचाच आहे. दुसऱ्याचे काम वाचणे, आपली चूक वाचणे, गिऱ्हाइकाची गरज वाचणे. एवढे ज्याला साधले तो उस्ताद नसलेल्या दुकानातही वाढेल, आणि पुढे कोणाचा तरी उस्ताद होईल, इन्शाअल्लाह. तेव्हा त्याने आपल्यासारख्याच एखाद्या एकट्या मुलाला महिन्याचे दोन तास द्यावेत. हा हिशेब असाच चुकता होतो.